खेप, रांग आणि हॉल्टिंग : पश्चिम टेक्सासमधल्या वाळूवाहू ट्रकचालकांचं प्रकरण

टेक्सासच्या पश्चिम टोकाला, न्यू मेक्सिकोच्या सीमेला टेकून लव्हिंग नावाची काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग, आहे. २०२० च्या जनगणनेत तिथं ६४ माणसं मोजली गेली. अख्ख्या अमेरिकेत याहून कमी वस्तीची काउंटी नाही. मेंटोन हे तिथलं एकमेव गाव. पण या गावावरून जाणाऱ्या ३०२ क्रमांकाच्या राज्यमार्गावर रात्री दोनला जरी उभं राहिलं, तरी ट्रकचे दिवे संपत नाहीत. काही ट्रक तेल नेतात, काही विहिरीतून निघालेलं खारं पाणी, काही पाइप. उरलेले वाळू.

हे प्रकरण त्या वाळूच्या ट्रकचं आहे. नेमकं सांगायचं तर कर्मिट गावाजवळच्या खाणीपासून लव्हिंग काउंटीतल्या एखाद्या तेलविहिरीपर्यंतच्या खेपेचं. चालकाला खेपेमागे किती डॉलर मिळतात, हा प्रश्न सगळे आधी विचारतात. त्याच्या उत्तरातून फारसं काही कळत नाही. दिवसाकाठी खेपा किती होतात आणि ते कोणाच्या हातात असतं, खरी गोम तिथं आहे.

एका विहिरीला दहा हजार टन

हा सगळा भाग ज्यात येतो त्या पर्मियन खोऱ्यातलं तेल घट्ट खडकात अडकलेलं असतं. विहीर आधी दोन-तीन किलोमीटर सरळ खाली नेतात, मग आडवी वळवून साधारण तेवढीच लांब नेतात. त्यानंतर प्रचंड दाबानं पाणी सोडून खडकाला बारीक भेगा पाडतात. हे फ्रॅकिंग. दाब काढला की भेगा मिटू पाहतात; त्या उघड्या राहाव्यात म्हणून पाण्याबरोबर वाळू सारतात. दाणा पाचरीसारखा भेगेत अडकून बसतो आणि त्याच्या कडेनं तेल वाट काढतं.

अशा पाचरी लागतात किती? आडवा भाग दहा हजार फूट लांब आणि फुटामागे दोन हजार पौंड वाळू, असा तिकडे नेहमीचा वाटावा असा हिशोब धरू. एका विहिरीला दोन कोटी पौंड झाले. अमेरिकी टन दोन हजार पौंडांचा, म्हणजे दहा हजार टन. सार्वजनिक रस्त्यावर मालासकट ट्रकचं वजन सर्वसाधारणपणे ८०,००० पौंडांच्या वर जाऊ देत नाहीत. ट्रक आणि ट्रेलरचं स्वतःचं वजन वजा केलं तर वाळू बसते २४ टनांच्या आसपास. भागाकार केला की चारशेहून जास्त खेपा येतात, त्याही एका विहिरीसाठी. विहिरी खोदायला माळरान सपाट करून जी जागा तयार करतात तिला पॅड म्हणतात आणि एका पॅडवर अशा चार-सहा विहिरी शेजारीशेजारी असू शकतात.

२०१७ पर्यंत यातली बरीच वाळू विस्कॉन्सिन, मिनेसोटा, इलिनॉय या उत्तरेकडच्या राज्यांतून रेल्वेनं यायची. पांढरा, गोल, दाबाला टिकणारा दाणा. जुलै २०१७ मध्ये हाय-क्रश या कंपनीनं कर्मिटजवळ, पर्मियनच्या अगदी दारात, तिथली पहिली फ्रॅक वाळूची खाण सुरू केली. पाठोपाठ इतर कंपन्या आल्या आणि विंकलर काउंटीतल्या वाळूच्या टेकड्या बघता बघता खाणपट्टा होऊन गेल्या. (त्या टेकड्यांत राहणारा एक छोटा सरडा मे २०२४ मध्ये धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत गेला. ते प्रकरण वेगळं आणि तितकंच लांबलचक.) इथला दाणा उत्तरेकडच्या दाण्याइतका कणखर नाही, पण रेल्वेचं भाडं वाचत असेल तर एवढ्या फरकाकडे तेल कंपन्या काणाडोळा करतात. रेल्वे मागे पडली आणि खाणीच्या फाटकापासून विहिरीपर्यंतचा सगळा रस्ता ट्रकचा झाला. खाणीवरच्या वाळूपेक्षा ती विहिरीपर्यंत नेणं महाग, अशी स्थिती तिथं अनेकदा असते.

ट्रक म्हणजे चाकांवरचं कोठार

फ्रॅकिंग दिवसरात्र चालतं. पॅडवर पंपांचे ट्रक ओळीनं लावलेले असतात, पाळीत काम करणारी माणसं असतात आणि या सगळ्या जामानिम्याचा खर्च तासातासानं वाढत असतो. वाळू संपली तर सगळं ठप्प. वाळूच्या वीस ट्रकांनी तासभर खोळंबण्याचा खर्च त्यापुढे किरकोळ. मग खेपा ठरवणारा डिस्पॅचर काय करेल? दोन ट्रक कमी पडण्यापेक्षा सहा जास्त बोलावेल. त्याच्या जागी कोणीही हेच करेल.

आता पॅडवर एखादा पंप बिघडला, किंवा विहिरीत पुढचा टप्पा तयार करायला वेळ लागला, की वाळूची मागणी थांबते. सायलो, म्हणजे वाळू साठवायच्या उंच टाक्या, भरलेले असतात, खाली करायला जागा नसते. कच्च्या रस्त्यावर ट्रक एकामागे एक उभे राहतात. खाणीकडेही असंच. वाळू धुऊन, वाळवून, चाळून मग भरतात. त्यातलं एखादं यंत्र बंद पडलं की तिथंही रांग. चालकाचा नंबर कधी लागेल हे चालक सोडून सगळ्यांच्या हातात.

ही रांग ढिसाळ नियोजनातून येते, असं तिथले लोक वैतागून म्हणतात. मला ते पटत नाही. रांग कोणाच्या तरी सोयीची आहे म्हणून टिकली. वाळूचा साठा पॅडवर ठेवायचा तर सायलो भाड्यानं घ्यावे लागतात, जागा लागते, साठवलेल्या मालात पैसा अडकतो. रांगेतला ट्रक हाही साठाच, फक्त त्याचं भाडं कोणी देत नाही. साखर कारखान्याच्या वजनकाट्यासमोर ऊस भरून नंबरची वाट पाहणारा ट्रॅक्टरवाला ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. त्याचेही पैसे टनावर आणि अंतरावर ठरतात, उभं राहण्यावर नाही.

रांग टाळता येते याचा पुरावा त्याच धंद्यात आहे. पूर्वी बहुतेक वाळू बल्करमधून यायची. आपल्याकडे सिमेंटचा बल्कर असतो तसाच: हवेच्या दाबानं माल नळीतून सायलोत ढकलायचा. वाळू खाली करायला पाऊण ते एक तास लागतो. नंतर मोठ्या पोलादी पेट्यांची पद्धत आली. सँडबॉक्स हे त्यातलं गाजलेलं नाव. यूएस सिलिका या वाळू कंपनीनं २०१६ मध्ये ते विकत घेतलं. भरलेली पेटी फोर्कलिफ्टनं उतरवायची, रिकामी चढवायची, की ट्रक काही मिनिटांत मोकळा. शिवाय भरलेल्या पेट्या पॅडवर रचून ठेवता येतात, म्हणजे साठा ट्रकमधून जमिनीवर आला. जिथं पेट्या आल्या तिथं खोळंबा घटला. याचा दुसरा अर्थ असा की त्याआधीचे उभं राहण्याचे तास कोणी अडवले असते तर अडवता आले असते.

तेरा तासांचा हिशोब

पुढचे आकडे हिशोब समजावा म्हणून धरलेले आहेत. कोणा एका कंपनीचे नाहीत. पण मांडणी मात्र तिथली नेहमीचीच: खेपेचं ठरलेलं भाडं आणि त्यातला काही टक्के हिस्सा चालकाला.

एका खेपेचं भाडं ४४० डॉलर, चालकाचा हिस्सा २५ टक्के, म्हणजे ११० डॉलर. खाणीवर भरायला पाऊण तास. भरलेला ट्रक घेऊन विहिरीपर्यंत सव्वा तास, कारण शेवटचे काही मैल खड्ड्यांचे. रांग आणि खाली करणं मिळून एक तास. रिकामा परत यायला एक तास. एकूण चार तास. सकाळची गाडीची तपासणी, डिझेल, जेवण यांना मिळून आणखी एक तास दिला, तर तीन खेपांचा दिवस १३ तासांचा होतो आणि हातात ३३० डॉलर येतात. तासाला पंचवीसच्या वर. कामाच्या जाहिरातीत दिसतो तो हा दिवस.

आता विहिरीवरचा एक तास तीन तासांचा होऊ द्या. खेप सहा तासांची झाली. त्याच १३ तासांत दोनच खेपा बसतात: २२० डॉलर, म्हणजे तासाला सतरा. विहिरीवर पाच तास गेले तर खेप आठ तासांची, आणि दुसरी खेप कायद्यानं ठरवलेल्या दिवसात पूर्ण होतच नाही. एक खेप, ११० डॉलर. चालकानं तिन्ही दिवशी सारखंच काम केलं. मिळकत मात्र एकास तीन झाली, आणि फरक पडला तो त्याच्या समोरच्या रांगेमुळे.

इथं कोणीतरी म्हणेल, थांबण्याचे पैसे मिळतात की. मिळतात. आपल्या ट्रकवाल्यांच्या भाषेत हॉल्टिंग. पण ते सुरू होण्याआधी साधारण दोन तास फुकट द्यावे लागतात. तासाला ५० डॉलर हॉल्टिंग आणि त्यातही चालकाला तोच २५ टक्के हिस्सा धरू. तीन तासांच्या दिवशी दर खेपेला एक तास मोजला जाईल, दोन खेपांचे मिळून शंभर डॉलर, चालकाला पंचवीस. म्हणजे २४५. तीन खेपांच्या दिवसापेक्षा ८५ डॉलर कमीच. पाच तासांच्या दिवशी तीन तास मोजले जातील: दीडशे डॉलर, त्यातले चालकाचे साडेसदतीस. एकूण १४७ डॉलर ५० सेंट. हॉल्टिंगनं बुडालेली खेप भरून निघत नाही, तशी ती निघावी अशी त्याची रचनाही नाही. तासाला ५० डॉलर देऊन कोठार मिळत असेल तर सायलो कोण भाड्यानं घेईल?

त्यातही हे हॉल्टिंग कागदावर सिद्ध करावं लागतं. आल्याची आणि निघाल्याची वेळ लिहिलेल्या पावतीवर पॅडवरच्या माणसाची सही हवी. तो माणूस गर्दीत असतो किंवा वेळ जरा कमी लिहितो. आणि ही पावती वर सरकते ती साखळीतून: तेल कंपनी, तिचं फ्रॅकिंग करणारी कंपनी, वाळू पोचवण्याचं कंत्राट घेतलेली कंपनी, तिचा दलाल, दलालाचा वाहतूकदार, आणि शेवटी एक-दोन ट्रक असलेला मालक. कधी हा मालकच गाडी चालवतो, कधी त्यानं चालक ठेवलेला असतो. वरच्या कोणी हॉल्टिंग नाकारलं तर खालच्याला ते कळायला महिना जातो. जिथं कंत्राट टक्केवारीवर असतं, तिथं मूळ भाडं किती होतं हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. २५ टक्के, पण कशाचे?

वर काढलेलं तासाचं उत्पन्न पगारी चालकाचं आहे. स्वतःचा ट्रक असलेल्याचं गणित आणखी अवघड. त्याचा हिस्सा मोठा असतो, पण डिझेल, टायर, विमा, ट्रकचा हप्ता, ट्रेलरचं भाडं सगळं त्याच्या अंगावर. रांगेत उभ्या ट्रकचा हप्ता थांबत नाही. टेक्सासच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि केबिनमध्ये बसायचं तर इंजिन चालू ठेवावं लागतं, म्हणजे उभं राहण्यातही डिझेल जळतं.

कायद्याची दोन घड्याळं

केंद्रीय नियम असा की दहा तास विश्रांतीनंतर चालकानं जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवावी, आणि कामावर आल्यापासून १४ तासांनंतर चालवू नये. वरच्या तीन खेपांत प्रत्यक्ष चालवण्याचा वेळ किती? पावणेसात तास. ११ तासांची मर्यादा या चालकाला शिवतही नाही. त्याला आवळते ती १४ तासांची. मधे तो ड्युटीवर नव्हता असं लिहिलं तरी हे दुसरं घड्याळ सहसा थांबत नाही. झोपायच्या बर्थमधली पुरेशी लांब विश्रांती हा त्याला अपवाद. म्हणून रांगेतला प्रत्येक तास पुढच्या खेपेतून कापला जातो.

तेलक्षेत्रासाठी यात खास सवलती आहेत. एरवी सात किंवा आठ दिवसांत मिळून किती तास काम करायचं यालाही मर्यादा असते आणि ती बेरीज शून्यावर आणायला सलग ३४ तास सुट्टी लागते. तेलक्षेत्रातल्या वाहतुकीला २४ पुरतात. दुसरी सवलत जास्त मोलाची: विहिरीवर थांबण्याचा वेळ १४ तासांत मोजायचाच नाही. पण ती फक्त तेलविहिरीच्या कामासाठी खास बांधलेल्या गाड्यांना आणि त्यासाठी प्रशिक्षण घेतलेल्या चालकांना. वाळू आणि पाण्याच्या ट्रकवाल्यांनाही ती हवी होती. जून २०१२ मध्ये केंद्रीय वाहतूक सुरक्षा यंत्रणेनं खुलासा केला की वाळू आणि पाणी वाहणाऱ्या साध्या गाड्यांना ती लागू नाही. त्यांचं थांबणं कामाच्या तासांत धरायचं.

सुरक्षेच्या बाजूनं हा निर्णय बरोबरच होता. पाच तास रांगेत डुलक्या काढलेल्या माणसाला विश्रांती मिळाली असं कोण म्हणेल? पण मौज अशी की थांबणं हे काम आहे असं सांगणाऱ्या या यंत्रणेला मोबदल्यावर बोलण्याचा अधिकार नाही. आणि मोबदल्याचा कायदा खेपेवर पैसे देण्याला आडकाठी करत नाही. आठवड्याची सरासरी केंद्रीय किमान वेतनाच्या खाली गेली नाही म्हणजे झालं. हे किमान वेतन २००९ पासून तासाला सव्वासात डॉलर आहे. टेक्सासनं स्वतःचं वेगळं ठेवलेलं नाही.

कर्मिटच्या खाणींनी या कायद्यात आणखी एक गंमत केली. वाळू टेक्सासात निघते आणि टेक्सासातच वापरली जाते, तेव्हा प्रवास राज्यांतर्गत होतो आणि राज्याचे नियम लागू होतात. टेक्सासात आठ तास विश्रांतीनंतर १२ तास चालवता येतं आणि ड्युटीचे १५ तास भरेपर्यंत गाडी हाकता येते. दोन तास विश्रांती कमी, एक तास चालवणं जास्त. शिवाय केंद्रीय नियमानुसार, कामाच्या ठाण्यापासून दीडशे हवाई मैलांच्या (सरळ रेषेत मोजलेल्या) आत फिरून १४ तासांत परत येणाऱ्या चालकाला इलेक्ट्रॉनिक नोंदयंत्राची सक्ती नाही, वेळेचा तक्ता ठेवला तरी चालतो. ही मर्यादा २०२० च्या सप्टेंबरअखेरपर्यंत शंभर मैल होती. कर्मिटहून निघणाऱ्या बहुतेक खेपा दोन्ही मर्यादांत आरामात बसतात. डिसेंबर २०१७ मध्ये देशभर नोंदयंत्रं सक्तीची झाली, तेव्हा आता खोट्या नोंदी संपल्या असं म्हटलं गेलं. वाळूच्या खेपा करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या दिवसाची नोंद तेव्हाही माणसाच्या हातात राहिली, आणि ज्या माणसाला तिसरी खेप हवी आहे त्याच्या.

ओव्हरटाइम कुणाला

१९३८ च्या श्रम कायद्यानुसार आठवड्याला ४० तासांपुढच्या कामाला दीडपट दर द्यावा लागतो. पण राज्याराज्यांतला माल वाहणाऱ्या, दहा हजार पौंडांहून जड गाड्यांच्या चालकांना यातून वगळलं आहे. विस्कॉन्सिनहून रेल्वेनं आलेली वाळू टेक्सासातल्या यार्डावरून ट्रकनं विहिरीवर गेली, तर ट्रकचा प्रवास टेक्सासातला असूनही तो आंतरराज्य प्रवासाचा शेवटचा तुकडा ठरू शकतो, म्हणजे ओव्हरटाइम नाही. मग वाळू यार्डात किती दिवस पडून होती, मालाचं ठिकाण आधीच ठरलेलं होतं का, असे प्रश्न उभे राहतात. फ्रॅक वाळू वाहणाऱ्या चालकांनी टेक्सासच्या केंद्रीय न्यायालयात असाच दावा लावला होता. कंपनीनं ही सूट आपल्याला लागू असल्याचं सिद्ध केलं नाही, असा कौल ज्युरीनं दिला आणि पाचव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयानं २०१६ मध्ये तो निकाल कायम ठेवला. सिद्ध करण्याचा भार कंपनीवर आहे, हा त्यातला कामाचा मुद्दा.

कर्मिटच्या वाळूनं तो वाद एका अर्थी सोपा केला. विंकलरमध्ये खणली, लव्हिंगमध्ये वापरली. यात दुसरं राज्य कुठून येणार? पण सीमा अगदी जवळ आहे. जाल हे न्यू मेक्सिकोतलं गाव कर्मिटहून अर्ध्या तासावर. चालकाला अधूनमधून तिकडची खेप दिली, किंवा ती देणं त्याच्या कामात अपेक्षितच आहे असं दाखवता आलं, की सूट परत येऊ शकते. कामगार खात्याच्या जुन्या धोरणानुसार अशा एका खेपेचा परिणाम चार महिने धरला जातो. एक खेप, आणि चार महिने ओव्हरटाइमचा प्रश्न मिटला. डिस्पॅचरला हा कायदा माहीत असेलच असं नाही, पण कोणाला तरी असतो.

आणि हे सगळं फक्त पगारी चालकासाठी. स्वतंत्र कंत्राटदार म्हणून नोंदलेल्याला, ज्याला तिथं कराच्या फॉर्मच्या क्रमांकावरून १०९९ वाला म्हणतात, ओव्हरटाइमचा कायदा लागूच होत नाही. तो खरंच स्वतंत्र आहे की नाही हे वेगळं भांडण. त्याच्यासाठी केंद्राचे ट्रक-भाडेकराराचे नियम आहेत आणि ते वाचण्यासारखे आहेत: मोबदला करारात लिहिलेला हवा, कागदपत्रं दिल्यापासून १५ दिवसांत पैसे हवेत, आणि मोबदला टक्केवारीवर असेल तर मूळ भाड्याच्या बिलाची प्रत दाखवायला हवी. ‘कशाचे २५ टक्के’ याचं उत्तर इतक्या सरळ शब्दांत कायद्यात पडलेलं आहे. पण हे नियम आंतरराज्य वाहतुकीसाठी. वाळू टेक्सासबाहेर जात नसेल, तर हाच चालक बिलाची प्रत मागताना डळमळीत जमिनीवर उभा असतो. ओव्हरटाइमसाठी राज्यांतर्गत असणं फायद्याचं आणि बिल पाहण्यासाठी आंतरराज्य असणं. दोन्ही एकाला एकाच वेळी मिळणं कठीण.

रस्ता आणि धूळ

उरलेला वेळ भरून काढायचा एकच मार्ग चालकाच्या हातात असतो, तो म्हणजे वेग. अमेरिकी वाहतूक खात्याच्या महानिरीक्षकांनी जानेवारी २०१८ मध्ये सगळ्या प्रकारच्या मालवाहतुकीतल्या खोळंब्याचा अभ्यास मांडला. भरण्या-उतरवण्याच्या जागी सरासरी १५ मिनिटं जास्त गेली तर अपघातांचा अपेक्षित दर ६.२ टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा अंदाज होता. चालकांचं वर्षाचं नुकसान त्यांनी ११० ते १३० कोटी डॉलर धरलं होतं. २००३ ते २०१३ या काळात अमेरिकेच्या तेल आणि वायू उद्योगात ११८९ कामगार दगावले. त्यातले सुमारे ४० टक्के वाहतुकीत. पेकोसहून न्यू मेक्सिकोकडे जाणाऱ्या २८५ क्रमांकाच्या महामार्गाला तिथले लोक मृत्यूचा महामार्ग म्हणतात. दोन पदरी, मधे दुभाजक नसलेल्या लांबच लांब पट्ट्यांवर हे नाव पडलं.

धुळीचं नुकसान इतकं लगेच दिसत नाही. ही वाळू जवळजवळ शुद्ध सिलिका. २०१२ मध्ये अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेनं पाच राज्यांतल्या ११ फ्रॅकिंगच्या जागांवरून हवेचे ११६ नमुने घेतल्याचं जाहीर केलं. ७९ टक्के नमुन्यांत श्वासावाटे जाणारी सिलिका संस्थेनं सुचवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाली, ९ टक्क्यांत तर कायदेशीर मर्यादेच्या दहापट किंवा त्याहून जास्त. सगळ्यात वाईट स्थिती वाळू हलवणाऱ्या यंत्रांजवळ. बल्कर खाली करताना चालक तिथंच नळीपाशी उभा असतो. २०१६ च्या नियमानं मर्यादा कमी करून घनमीटरला ५० मायक्रोग्रॅमवर आणली आणि फ्रॅकिंगमधली यंत्रं बदलायला जून २०२१ पर्यंत मुदत दिली. सिलिकोसिस, म्हणजे या धुळीनं होणारा फुप्फुसांचा आजार, व्हायला वर्षं लागतात, आणि तोवर चालक चार कंपन्या बदलून झालेला असतो.

मंदी

२० एप्रिल २०२० रोजी अमेरिकी तेलाचा वायदाभाव पिंपाला उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. फ्रॅकिंग जवळपास थांबलं आणि खेपाही. पगारी चालकांना घरी पाठवलं गेलं. हप्त्यावर ट्रक घेतलेल्यांना घरी पाठवायलाही कोणी नव्हतं. भाव सावरले तेव्हा चालक कमी पडले आणि दर वाढले. हे चक्र तिथं नवं नाही, २०१५-१६ मध्येही तसंच झालं होतं. तेजीत जो दर ऐकून माणूस ट्रक घेतो, तो हप्ता फिटेपर्यंत टिकेल अशी हमी कोणीच देत नाही.

बेचाळीस मैलांचा पट्टा

अ‍ॅटलस एनर्जी सोल्युशन्स या कंपनीनं कर्मिटच्या खाणीपासून न्यू मेक्सिकोच्या ली काउंटीपर्यंत वाळू नेणारा ४२ मैलांचा कन्व्हेयर पट्टा बांधला. नाव ड्यून एक्सप्रेस. २०२५ च्या सुरुवातीला तो व्यापारी तत्त्वावर चालू झाला. रस्त्यावरचे ट्रक कमी होतील हे कंपनी सांगते, आणि २८५ वर रोज गाडी हाकणारा कोणीही त्याला आनंदानं हो म्हणेल.

पण चालकाच्या हिशोबात काय होतं ते पाहू. पट्ट्याच्या टोकापासून विहीर जवळ आली. जाण्यायेण्याचे सव्वादोन तास पाऊण तासावर आले असं धरू. अंतर कमी म्हणून खेपेचा दरही कमी होणार. विहिरीवरची रांग मात्र पट्ट्यानं आखूड होत नाही. पंप बिघडला तर आजही बिघडतो. पूर्वी चार तासांच्या खेपेत विहिरीवरचा एक तास म्हणजे पाव हिस्सा होता. आता अडीच तासांच्या खेपेत तोच तास दोन पंचमांश झाला. अंतर जितकं घटेल तितका खेपेचा दर जास्त जुगारी होत जातो, आणि तासावर किंवा पाळीवर पैसे देणं हाच शहाणा करार उरतो. (शिवाय पट्ट्यावर बसून वाळूनं राज्याची सीमा ओलांडलेली असते, तेव्हा ओव्हरटाइममधून सूट मागायला कंपनीच्या वकिलाला पुन्हा जागा झाली.)

त्याच कंपनीनं कोडियाक या कंपनीचं तंत्रज्ञान बसवलेले चालकाविना चालणारे ट्रक खाजगी रस्त्यांवर वाळू वाहायला लावले आहेत. ट्रक अ‍ॅटलसच्या मालकीचे. ते चालवणाऱ्या प्रणालीसाठी कोडियाकला ट्रकमागे लायसन्स फी मिळते. त्या दिवशी खेपा तीन झाल्या की एक, रांग तासाची होती की पाच तासांची, यावर ती फी ठरत नाही.